मागच्या दारचा डेक

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला बसायला जागा नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात. रानशेतसारख्या गावात एवढं मोकळं रान पडलेलं असताना बाईला बसायला जागा नाही म्हणजे काय? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमचं आणि माझ्या थोरल्या दिरांचं घरकुल एकाला एक लागून आहे. जुनं घर पाडून दोन घरं उभी राहिली तेव्हा जुना ओटा दिरांच्या, म्हणजे लाहूभाऊंच्या, बाजूला गेला. सावली त्याच ओट्यावर, वारा त्याच ओट्यावर, रस्त्याने कोण आलं गेलं तेही तिथूनच दिसणार. दुपारची कामं उरकून मी तिथे जरा टेकले की माझी जाऊ, जयश्रीवयनी, हिला लगेच झाडू आठवायचा. माझ्या पायाशी येऊन सरासरा झाडायला लागायची. कधी तिला तिथेच मिरच्या पसरायच्या असायच्या, कधी नेमक्या मी बसलेल्या कोपऱ्यात कोंबडी झाकायची असायची. भांडण नाही, शिवी नाही. फक्त 'जरा ऊठ गं'. मी उठायचे, घरात जायचे आणि तापलेल्या स्लॅबखाली भाजत बसायचे. जावा जावा आणि उभा दावा हे काही मी नवीन सांगत नाही. पण लोकांचा दावा शेतावरून असतो, दागिन्यावरून असतो. आमचा बुड टेकायच्या जागेवरून होता.

आणि माझा नवरा धंदा कसला करतो, तर लोकांना बसायच्या जागा बांधून देण्याचा. दिपक चांगला सुतार आहे. मी त्याला नावानेच हाक मारते. जयश्रीवयनीला तेही खटकतं. नरपडला, चिखल्याला समुद्राकडेला मुंबईवाल्यांचे जे बंगले झाले आहेत, त्यांतल्या कित्येकांचे डेक त्याच्या हातचे. डेक म्हणजे घराच्या जोत्याला लागून जमिनीपासून उचललेला लाकडी ओटा. खाली खांब, खांबांवर आडवे वासे, वाशांवर मधे बारीक फटी सोडून मारलेल्या फळ्या. बंगलेवाले शनिवारी येतात, त्यावर पाय पसरून चहा पितात आणि रविवारी जातात. बाकीचे दिवस त्यावर कुत्री झोपतात. माझं माहेर चिखल्याचं, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथल्या कुत्र्यांचा मला हेवा वाटायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात होता.

गेल्या गणपतीनंतर नरपडच्या एका बंगल्याने जुना डेक काढून नवा बसवायला घेतला. जुन्या फळ्या मालकाने दिपकला घेऊन जा म्हणून सांगितलं. टेम्पो आमच्या मागच्या दारी येऊन उभा राहिला आणि मी त्याच दिवशी ठरवलं. दिपकला म्हटलं, याचं कपाट नाही, पलंग नाही, मला डेक पाहिजे. तो हसला. मी हसले नाही तेव्हा त्याला कळलं.

बंगलेवाल्यांना तो आधी बरंच काही विचारतो. ऊन कुठून येतं, वारा कुठला, बसून काय बघायचंय, माणसं किती बसणार. मी म्हटलं, मलाही विचार सगळं. नाराज होऊन का होईना, त्याने विचारलं. ऊन पश्चिमेचं, ते घराच्या आड जातं. वारा खालच्या शेतावरून येतो. बघायचंय शेत आणि त्याच्या मागचा डोंगर. ओटा दिसता कामा नये. माणसं किती म्हटल्यावर मी म्हटलं, मी.

आमच्या मागच्या दाराबाहेर जमीन शेताकडे उतरत जाते. घराच्या जोत्याच्या सपाटीत डेक पुढे न्यायचा, तर त्याचं शेताकडचं टोक माणसाच्या उंचीएवढं वर येणार होतं. मला तेच हवं होतं. मी सुतळी घेऊन जागा आखली, चुन्याने रेघा ओढल्या. जुन्या घराच्या वाटणीत आमच्याकडे आलेले सागाचे खांब पडवीत पडून होते. त्यांना वाळवी लागू नये म्हणून दिपकने खाली सिमेंटचे पाय ओतले आणि खांब त्यावर उभे केले. सुट्टीचा दिवस मिळेल तसं काम. मी फळ्या घासत होते. जुन्या राखाडी लाकडाच्या पोटातून पिवळा रंग वर येताना बघून मला इतका आनंद व्हायचा की तो कोणाला दिसू नये म्हणून मी तोंड पाडून घासायचे.

तरी जयश्रीवयनीच्या डोळ्यांत ते खुपलंच. पहिल्या दिवशी तिने विचारलं की हे काय, मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने कपडे धुतलेलं पाणी ओल्या सिमेंटच्या बाजूला सोडायला सुरुवात केली. उभ्या केलेल्या खांबाला बैल बांधला. मी सोडला, तिने परत बांधला. येणाऱ्याजाणाऱ्याला ओट्यावरून ऐकवायची, की आता आमच्याकडेपण मुंबईची मडम राहायला आली. दिपकला सांगून उपयोग नव्हता. भाऊ आणि वहिनी यांच्यापुढे त्याच्या तोंडात मूग. शेवटी एकदा मागच्या दारी आम्ही दोघी समोरासमोर आलो.

"तू आता आमच्या डोक्यावर बसणार काय?" ती म्हणाली.

"तुमच्या पायाशी बसून झालं, वयनी."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मला काही त्याचं दुःख झालं नाही. एवढी शांतता या घरात मी पहिल्यांदा अनुभवत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरच सगळं फिरलं. मी जिथे सुतळी लावली तिथे पूर्वी सासऱ्यांचा पेंढ्याचा मांडव होता. आमच्याकडे घरोघरी मागच्या दारी असा मांडव असतो. खांब पुरायचे, वर बांबू टाकायचे आणि झोडणी झाली की भाताचा पेंढा वर रचायचा. वर पेंढा, खाली सावलीला बैल. पावसाळा सुरू होईपर्यंत गुरांना तोच पुरतो. सासऱ्यांचा मांडव कुजून खाली आला त्याला दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून लाहूभाऊंचा पेंढा जमिनीवर होता, आणि खालचे थर वाळवीने खाल्ले होते. नवीन मांडव बांधून द्यायचं दिपकने भावाला कबूल केलं होतं आणि केलं नव्हतं. हे मला माहीत होतं. पण माझा काय संबंध? आमच्याकडे गुरं नाहीत. आमचं भात थोडं, पेंढाही आम्ही त्यांनाच देतो. मांडव बांधायला जागा काय तेवढी एकच होती?

दिवाळीला आमची मुलं आश्रमशाळेतून आली तेव्हा फळ्या मारून झाल्या होत्या. कठडा आणि पायऱ्या राहिल्या होत्या. मुलं मागच्या दारातून धावत येऊन टोकापर्यंत जायची आणि ओरडत परत यायची. ती गेल्यावर मी एक दुपार तिथे बसले. एकच. खाली भात पिवळं झालं होतं, वारा येत होता, आणि पाठीमागून कोणी झाडत नव्हतं. चहा निवला तरी मला कळलं नाही.

मग चिखल्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मला जावं लागलं. जाताना दिपकला सांगितलं, येईपर्यंत कठडा लाव. तो हो म्हणाला. झोडणी त्याच आठवड्यात होती, हेही मला माहीत होतं. पण झोडणी लाहूभाऊंच्या खळ्यात होणार, माझं त्यात काही अडलं नव्हतं.

आईच्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी परत आले. डहाणूहून इको गाडीत बसले, पाड्याच्या वळणावर उतरले, आणि लांबूनच मला आमच्या घरामागे काहीतरी उंच, पिवळं दिसलं. पहिल्यांदा मला ते दुसऱ्याच कोणाचं घर वाटलं. जवळ गेले तर तो पेंढा होता. माझ्या डेकवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, घराच्या स्लॅबच्याही वर गेलेला. डेकच्या खाली बैल बांधलेले होते. आणि वर, पेंढ्याच्या माथ्यावर, माझा नवरा उभा राहून खालून येणारे भारे झेलत होता.

आमच्याकडे झोडणीला मजूर लावत नाहीत. सावड असते. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. पाड्यातली सगळी माणसं त्या दिवशी लाहूभाऊंकडे होती. दाणे झोडून झाल्यावर सवयीने भारे उचलून मागच्या दारी आली. तिथे जुन्या मांडवाच्याच जागी नव्याने उभे केलेले खांब, वर पक्क्या फळ्या, खाली बैल उभे राहतील एवढी उंची. दुसरं काय असणार ते? त्यांनी रचायला सुरुवात केली. बंगल्यांवर कामाला जाणारे त्यांच्यातही होते, त्यांनी डेक पाहिलेले होते. पण ते तिकडे, समुद्रावर. रानशेतला कोणी बसण्यासाठी एवढं बांधील, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मला बघून काकड्याबाबा पुढे आले. ते पाड्यातले सगळ्यांत वयस्कर, त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांचे डोळे भरले होते.

"दिपकने मांडव लय चांगला केला," ते म्हणाले. "महिनाभर तुमच्या दोन घरांत बोलणं नाय, आमाला वाईट वाटं. आता भाऊ भाऊ एक झाले."

सगळी माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मला हसावं लागलं. जयश्रीवयनी सगळ्यांना ताडी वाढत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली की मी काय बोलले नाय, लोकांनीच ठेवला. हे खरं होतं, आणि तेच तर माझं म्हणणं आहे. जिचं तोंड भाताच्या गिरणीसारखं चालतं, ती नेमकी त्याच दिवशी काही बोलली नाही. डेक काय असतो ते तिला मी स्वतः सांगितलं होतं. आयत्या बिळावर नागोबा होऊन ती गप्प बसली. पण तिच्यापेक्षा मला राग आला तो वर उभ्या असलेल्या माणसाचा.

माणसं पांगल्यावर दिपक खाली उतरला. मी त्याला घरात घेतलं आणि दार लावलं. तो आधीच बोलायला लागला. त्याने थांबवायचं ठरवलं होतं, पण पहिले भारे वर गेले तेव्हा तो खळ्यात होता. मागे आला तोवर काकड्याबाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. लाहूभाऊ नुसते बघत होते, आणि दिपकला मांडवाचं कबूल केलेलं आठवलं.

"सगळ्या पाड्यासमोर नाय कसा बोलू?" तो म्हणाला.

"आणि मला हो कसा बोललास?"

तो म्हणाला, पेंढा काय जन्मभर राहतो काय, जून लागेपर्यंत बैल खातील, मग बसच ना तू. पावसात. उघड्यावर. आणि पुढच्या झोडणीला परत पेंढा. म्हणजे मी बसायचं ते गुरांच्या उष्ट्यावर, आणि तेही भर पावसाळ्यात. त्याला हे बोलताना काहीही वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून मी वर चढले आणि भारे खाली फेकायला लागले.

सावडीच्या हातांनी रचलेला पेंढा घरच्यांनी उतरवायचा नसतो. रोजचा लागेल तेवढा ओढून काढायचा. पण उतरवून टाकला तर तो रचणाऱ्यांचा अपमान, आणि पुढच्या वर्षी ते हात तुमच्या शेतात येत नाहीत. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी फेकत राहिले. जयश्रीवयनी आली आणि मी टाकत होते तिथेच बरोबर खाली येऊन उभी राहिली, म्हणजे मी थांबावं. एक भारा तिच्या खांद्यावर पडला. ती हलली नाही. मी दुसऱ्या बाजूने फेकायला लागले. आता वाईट वाटतं काय विचाराल, तर नाही वाटत. तेव्हा तर मला असा जोर आला होता की मी एकटीने अर्धा पेंढा उतरवला.

हळूहळू माणसं जमली. काल कौतुक करणारी तीच. लाहूभाऊ आले. ते मला आजवर कधी वाकडं बोलले नव्हते, त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"माझ्या बैलांनी तुझं काय केलं, संगिता?" एवढंच त्यांनी विचारलं.

ते मला लागलं. खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी पेंढा पुरला नाही म्हणून त्यांचा एक बैल माघात खंगून मेला होता, ते मी पाहिलं होतं. पण मी हात थांबवले असते तर पुन्हा कधीच उचलता आले नसते. मी म्हटलं, बैलांवर माझा राग नाही, पण ही जागा त्यांची नाही. मग काकड्याबाबा बोलले. माझ्याकडे न बघता, दिपककडे बघून. ते म्हणाले की या घराला पुढच्या वर्षी हात येणार नाहीत; लावणीलाही नाही, कापणीलाही नाही.

सगळे दिपककडे बघत होते. तो घरात गेला आणि ड्रिल मशीन घेऊन आला. मला वाटलं कठडा लावतो की काय. मन किती खुळं असतं बघा. तो शिडीने वर आला, मी मोकळ्या केलेल्या पहिल्या फळीपाशी गुडघे टेकून बसला आणि स्क्रू उलटे फिरवायला लागला.

"मीच बांधला, मीच काढतो," तो खाली माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खाली वासे आहेत तेवढे बस. बांबू टाकू, मांडव होईल."

मी तेव्हा शेताकडच्या टोकाला होते. माझ्या हातात भारा होता, तो मी सोडला आणि होते तिथेच खाली बसले. मांडी घालून. 

त्याने एकेक फळी काढली. मशीन घरघरायचं, फळी सुटायची, तो ती खाली द्यायचा, लाहूभाऊ घ्यायचे. मी घासलेल्या फळ्या. मधला पेंढा माणसांनी वर चढून उचलून खाली ठेवला, माझ्याशेजारचासुद्धा, मला न शिवता. घराकडून काढत काढत तो माझ्यापर्यंत आला. आता माझ्या आणि मागच्या दाराच्या मधे नुसते वासे राहिले होते आणि त्यांच्यामधून खालचे बैल दिसत होते. मी बसले होते त्या चार फळ्या राहिल्या.

"ऊठ," तो म्हणाला.

मी हलले नाही. त्याने मशीन माझ्या गुडघ्याशेजारच्या स्क्रूला लावलं. इतक्या जवळ आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी आलो होतो. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो फळीवर पडत होता.

"काढ," मी म्हटलं. "मी वाशावर बसेन. वासे काढलेस तर खांबावर बसेन. पण दिपक, आज मी उठणार नाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. बोट मशीनच्या बटणावर होतं.   मग त्याने बोट काढलं, मशीन बगलेत घेतलं आणि वाशावरून चालत परत गेला.

त्यांनी बांबू आणले. वाशांवर आडवे टाकले, काथ्याने बांधले आणि पेंढा पुन्हा रचायला घेतला. सगळ्या पाड्याचे हात होते, मला सोडून. दिपक त्यांच्यात होता. भारे माझ्या डोक्यावरून या हातातून त्या हातात जात होते आणि माझ्या केसांत, पदरात काड्या पडत होत्या. कोणी मला सरक म्हटलं नाही, कोणी पाणी प्यायचं का विचारलं नाही. मी जागची हलले नाही म्हणून त्यांना पेंढा माझ्याभोवतीनेच रचावा लागला. उजवीकडे एक थर, डावीकडे एक थर, मग पाठीमागे. दुपार कलेपर्यंत तो माझ्या डोक्याच्या वर गेला. माणसं ताडी न घेताच आपापल्या घरी गेली.

दिपक आता भावाकडे जेवतो. झोपायला घरी येतो, पण बोलत नाही. पाड्यातल्या बायका मला बघून हंडा दुसऱ्या वाटेने नेतात. पुढच्या पावसात आमच्या शेतात लावणीला मी एकटी असेन, हे मला माहीत आहे.

पण त्या दिवशी सगळे गेल्यावर मी मान वर करून पाहिलं. माझ्या तिन्ही बाजूंना पेंढ्याच्या जाड, उबदार भिंती होत्या. घर दिसत नव्हतं, ओटा दिसत नव्हता. जयश्रीवयनीने कितीही मान वळवली असती तरी तिला मी दिसले नसते. समोर फक्त कापलेलं शेत होतं आणि त्यामागे डोंगर. मी पाय पसरले. मग तोंडात पदर न घालता, मोठ्याने, पोटभर रडले.